गाडीतला पलंग

शनिवार, २४ जानेवारी. सकाळी सहाला लॅब उघडली. आधी उपाशीपोटी रक्त द्यायला आलेले लोक, मग तेच लोक नाश्ता करून दुसऱ्यांदा. दुपारी घरी आले, वरण-भात केला, जेवले. चारला खाली जाऊन गाडीच्या काचा पुसल्या. टायरमधली हवा कालच बघितली होती, तरी पंपावर जाऊन पुन्हा बघून आले. पाण्याचा कॅन भरून ठेवला. दोन फोन केले, त्याबद्दल पुढे लिहीन. आता दिवेलागण झाली आहे, करण्यासारखं एकच काम उरलं आहे आणि एका जागी बसवत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

आबा, मी गाडी घेतली आहे. घेऊन दीड वर्ष होत आलं. तुम्ही असतात तर तुम्हाला आधी सांगितलं असतं की नाही, हे मला नक्की म्हणता येत नाही. आपण बापलेक एकमेकांना फार काही सांगत नव्हतो. तुम्हाला जाऊन पंचवीसेक वर्षं झाली, त्यामुळे आता सांगायला सोपं जातंय एवढंच. गाडी म्हणजे नवी कोरी नाही. आमच्या डोंबिवलीच्या इमारतीतली मुलं शाळेत नेणारी जुनी व्हॅन होती, तीच. ती चालवणारे काका थकले, शाळेने एवढ्या जुन्या गाड्या घेणं बंद केलं, आणि ती गेटजवळ धूळ खात उभी राहिली. ते भंगारात देणार होते, मी म्हटलं मला द्या. ते म्हणाले, "ताई, तुम्ही काय करणार हिचं? तुमच्याकडे मुलं कुठे आहेत शाळेत सोडायला?" पिवळ्या पाटीची पांढरी पाटी करून घेतली, पासिंग करून घेतलं, आतले बाक काढले. आत शिरलं की अजून डब्यांचा वास येतो, बटाट्याच्या भाजीचा. छताच्या रेक्झिनवर मुलांनी पेनाने लिहून ठेवलंय, कोणाची कोणाशी कट्टी आहे ते. बाकी सगळं बदललं, तेवढं ठेवलं.

तिच्यात झोपायला पलंग करायचा, एक छोटी शेगडी ठेवायची, पाणी ठेवायचं, आणि सुट्टीच्या दिवशी निघायचं, असा माझा विचार होता. हॉटेल शोधायला नको, कोणाकडे उतरायला नको. संध्याकाळ होईल तिथे ढाब्याच्या बाजूला गाडी लावायची. आई गेली त्यानंतर हे डोक्यात आलं. आई शेवटपर्यंत माझ्याकडेच होती. ती गेल्यावर मला घरात बसवेना. उठायचं, गॅलरीत जायचं, परत यायचं, नळ बंद आहे का बघायचं, पुन्हा गॅलरीत. गाडी चालवायला मी आईच्या आजारपणात शिकले होते, भावाच्या गाडीवर, तिला दवाखान्यात नेता यावं म्हणून. आई राहिली नाही आणि शिकलेलं तेवढं उरलं. हातांना काहीतरी धरायला हवं होतं.

तर दीड वर्ष मी दर रविवारी सकाळी ही गाडी काढते. आमच्याकडे आता मोठागावहून खाडीवर नवा पूल झालाय, ठाण्याला वीस मिनिटांत जाता येतं. मी त्या पुलाने जात नाही. मी कल्याणला जाते, दुर्गाडीचा पूल ओलांडते, कोनगाव, आणि मग रांजणोलीचा नाका. तुमचा रस्ता, कंपनीची बस घेऊन रोज जायचात तो. नाक्यावर पाटी आहे, डावीकडे ठाणे, उजवीकडे नाशिक. मी डावीकडे वळते. बाळकुमला एका शेडमध्ये गाडीचं काम चालू आहे, तिथे जायचं असतं ना. कधी पत्रा कुजलेला असतो, कधी वायरिंग, कधी पडद्याची सळई, कधी पाण्याच्या टाकीचा नळ. काम संपत आलं की मला दुसरं दिसतं. लॅबमधल्या मुली विचारतात, "मॅडम, या रविवारी कुठे?" मी म्हणते, शहापूरकडे जाऊन आले. त्या फोटो मागतात, मी म्हणते, मला नाही काढता येत. खरं सांगायचं तर मी एकदाही उजवीकडे वळलेली नाही. त्या बाजूला पुढे कसाऱ्याचा घाट आहे. सिग्नल सुटतो, मागचे हॉर्न मारतात आणि माझे हात आपोआप डावीकडे जातात.

बाळकुमचा तो शेडवाला तुम्हाला आवडला असता. सगळे त्याला शेठ म्हणतात. जमीन त्याची स्वतःची, बापाच्या वेळी तिथे भाताची शेती होती आणि पलीकडे मिठागरावरचं काम. आता मागे त्याच्याच जमिनीवर तीन टॉवर उभे आहेत, त्याला काही करायची गरज नाही. पण पुढचा एक तुकडा त्याने दिला नाही, तिथे पत्र्याची शेड टाकली आणि वेल्डिंग करत बसतो. त्याची बायको वरच्या मजल्यावरून फोन करते, जेवायला या, तर हा खालून म्हणतो, "डबा टाक खाली, मी काय लिफ्टन जेवायला येनार नाय." पलंगाचं काम काढलं त्या दिवशी त्याने मला विचारलं, "ताय, लांबी किती ठेवू? तुजे मापाची करू?" मी छताकडे बघत होते. म्हणाले, "सहा फूट तीन इंच." तो म्हणाला, "सहा?" मी म्हटलं, "हो. आणि तीन इंच." त्याने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. मी पाच फूट आहे, तेही चपला घालून. खडूने गाडीच्या जमिनीवर माप मारलं आणि म्हणाला, "पावना मोठा हाय वाटतं." मी म्हटलं, "हो." पुढच्या रविवारी गेले तर पलंग तयार, लोखंडी चौकट, वर प्लाय, ड्रायव्हरच्या सीटच्या पाठीपासून मागच्या दारापर्यंत. तो हसत उभा. "चर वर, झोपून बग. तू त निम्म्यान संपशील. आमचे बापसाची होडी याच्यापेक्षा आखूड व्हती."

मी झोपून बघितलं नाही. हात लावून बघितला. माप माझ्या तोंडून कसं आलं ते मला कळत होतं, आणि ते चुकलंय हेही कळत होतं.

आपली कल्याण पूर्वेची खोली मला अजून चालता येते, डोळे मिटून. बाहेरची खोली, मध्ये उंबरा, आत स्वयंपाकघर. तुम्ही बाहेरच्या खोलीत जमिनीवर झोपता, डोकं पुढच्या दाराशी, आणि तरीही पाय उंबऱ्यावरून स्वयंपाकघरात जातात. आत पायांखाली पाट ठेवलेला. खोलीने तुम्हाला तेवढीच जागा दिली आहे. पहाटे आई उठते, तुमच्या डब्याची भाकरी करायची असते, आणि तिचा दिवसाचा पहिला शब्द असतो, "पाय घ्या." तुम्ही झोपेतच गुडघे दुमडता. ती आत जाते, स्टोव्ह पेटवते. तुम्ही पुन्हा पाय सोडता. थंडीत तुमचे तळवे स्टोव्हच्या इतके जवळ असतात की आई म्हणते, "भाजतील हो, मग ब्रेक कशाने दाबाल?" तुम्ही झोपेत हुं म्हणता. मी गोधडीतून बघत असते. मला वाटायचं, सगळ्यांच्या घरी वडिलांचे पाय स्वयंपाकघरात असतात.

शेवटच्या वर्षी आई माझ्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या दाराशी आली की पाय उंच उचलायची. तिथे उंबरा नाही, सपाट लादी आहे. भिंतीला धरून ती एक पाय उचलायची, मग दुसरा, काहीतरी ओलांडल्यासारखी, आणि आत जायची. डॉक्टरांना वाटलं गुडघ्याचं असेल. मी एकदा विचारलं, "आई, इथे काही नाहीये, पाय का उचलतेस?" ती म्हणाली, "त्यांना लागेल." आणि चहाचं भांडं घेतलं. मी पुन्हा विचारलं नाही. हल्ली कधी कधी माझाही पाय तिथे जरा अडखळतो.

तुमच्या बसमध्ये मी एकच पूर्ण दिवस होते. भाऊ झाला तो दिवस. आईला पहाटे दवाखान्यात नेलं, मावशी अजून पोचली नव्हती, मला कुठे ठेवायचं हा प्रश्न होता. तुम्ही मला बरोबर घेतलंत. मी आठ वर्षांची असेन. इंजिनाच्या झाकणावर घोंगडी टाकून तुम्ही मला बसवलं, खालून ऊब येत होती. स्टॉपास्टॉपवर कामगार चढत होते, कोळशेतच्या कंपनीतले, आणि प्रत्येक जण म्हणत होता, "काय ताई, आज तू साहेब का?" नाक्यावर बस थांबली तेव्हा मी पाटी वाचली. मला नुकतंच नीट वाचता यायला लागलं होतं. मी विचारलं, "आबा, उजवीकडे काय आहे?" तुम्ही म्हणालात, "नाशिक. मग आग्रा." मी विचारलं, "आपण जायचं?" तुम्ही हसलात असं मला आठवतं, पण नक्की नाही. म्हणालात, "बस कंपनीची आहे. रस्ता पण कंपनीचाच समज." आणि डावीकडे वळलात.

कंपनीच्या भिंतीला लागून झाडाखाली बस लावली. पलीकडे खाडीचा चिखल, त्याचा वास आणि कंपनीचा वास एकमेकांत मिसळलेला. दुपारी चार ड्रायव्हर एकत्र डबे खायला बसले, स्टोव्हवर चहा झाला. मग तुम्ही मागच्या लांब सीटवर आडवे झालात. ती सीटही तुम्हाला पुरत नव्हती. खिडकीतून पाय बाहेर. एका ड्रायव्हरने आपला धुतलेला पंचा आणून तुमच्या पायांवर वाळत घातला. दुसरा म्हणाला, "बरं झालं, कंपनीने दोन खुंट्या दिल्या." तिसरा म्हणाला, "वाळला की काढा रे, नाहीतर कावळे बसतील." तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "कावळ्यांना सांगा, बसा, पण पास दाखवावा लागेल." सगळे हसले. मी तुम्हाला घरी कधी असं बोलताना ऐकलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी जाऊन तुमच्या सीटवर बसले, स्टिअरिंग धरलं, आणि तोंडाने इंजिनाचा आवाज काढत जोर लावून उजवीकडे फिरवायला लागले. तेव्हा तुम्ही उठून बसलात. "उठ तिथून," म्हणालात, "ती जागा खेळायची नाही." आवाज मोठा नव्हता, पण सगळे गप्प झाले. मी उतरून झाडाखाली जाऊन उभी राहिले. पंचा खाली पडला होता.

संध्याकाळी परत येताना तुम्ही नाक्यावर वेग कमी केला. त्या बाजूने येताना आपल्याला कल्याणला वळायचं असतं आणि नाशिक सरळ राहतं. मी काही विचारलं नव्हतं. तुम्ही स्वतःच म्हणालात, "सरळ गेलं की कसाऱ्याचा घाट लागतो. तिथे गाडीही तापते आणि माणूसही." मी विचारलं, "तुम्ही गेलाय?" तुम्ही म्हणालात, "नाही. ऐकलंय." मग वळलात. घरी गेलो तर भाऊ झालेला होता.

माझा कोर्स पूर्ण होऊन लॅबमध्ये नोकरी लागली तेव्हा तुम्ही मला एक आरसा आणून दिलात. जुनी बस मोडीत निघाली, तिचा बाहेरचा, फुगीर काचेचा. म्हणालात, "नोकरीला जायचं तर भांग नीट पाडून जावं." आईने कपाळावर हात मारला, "अहो, यात पोरीचं नाक तेवढं दिसतं." खरंच होतं ते. त्यात तोंड नीट दिसायचं नाही, पण आपली अख्खी खोली दिसायची, दारापासून स्टोव्हपर्यंत, सगळी एवढीशी. मी दहा वर्षं त्यात बघून केस विंचरले. आता तो गाडीत आहे, पुढच्या काचेच्या वर. शेठने क्लॅम्प करून दिला.

गेल्या रविवारी भाऊ गाडी बघायला बाळकुमला आला. तो एमआयडीसीत नोकरी करतो, रात्रपाळी करून तसाच आला होता. अंगाने तो तुमच्यावर गेलाय, उंचीही तीच. त्याची पहिल्यापासून एक अट आहे, नाशिक रोडला मी एकटीने जायचं नाही, घाटात स्टिअरिंग तो धरणार. मला त्याचं बरंच वाटत आलं होतं. कोणीतरी उजवीकडे वळवणार होतं. तो सीटवर बसला आणि त्याचे गुडघे स्टिअरिंगला लागले. सीट मागे घ्यायला गेला तर सरकेना, मागे पलंग. मी चालवते तेव्हा सीट पार पुढे असते, मला अडचण आलीच नव्हती.

"अगं ताई, हे काय करून ठेवलंयस? मी काय पाय खिडकीतून बाहेर काढून चालवू?"

त्याने शेठकडे बघितलं. "माप कोणी दिलं हे?"

"तायनं," शेठ म्हणाला. "मी दोनदा इचारला. पावना मोठा हाय, बोलली."

"कोण पाहुणा? आमच्याकडे एवढा लांब कोण..." असं म्हणून भाऊ थांबला. मग उतरला, मागे गेला आणि पलंगावर आडवा झाला. मी दाराशी उभी होते. त्याने पायाची बोटं हलवून बघितली, दारापर्यंत दोन बोटं जागा शिल्लक होती. म्हणाला, "ताई, पाय आत राहिले गं." आणि थोड्या वेळाने घोरायला लागला. शेठ म्हणाला, "उठवू नको. रातभर मशीनवर उबा असंल. आनि लाइट पन नाय, माजा कटर बंदच हाय." आम्ही दोघं शेडच्या बाहेर खुर्च्या टाकून बसलो. शेठने चहा मागवला.

भाऊ उठल्यावर ठरलं की पलंग आठ इंच कापायचा. मग सीट मागे जाईल आणि तो चालवू शकेल. रविवारी सकाळी नऊला, म्हणजे उद्या. सोमवारी सव्वीस जानेवारीची सुट्टी, तर कापलं की लगेच निघायचं, नाशिकला लेणी बघायची, गाडीतच राहायचं, सोमवारी परत. भाऊ खूश होता. वहिनी माहेरी गेली आहे, त्यालाही कुठे तरी जायचं होतं. मी हो म्हटलं.

या आठवड्यात मला तुमची एक दुपार सारखी आठवत होती. कंपनी बंद झाल्यानंतरची. तुम्ही सकाळी नेहमीच्या वेळी उठायचात, खाकीला इस्त्री करायचात आणि मग खिडकीत बसायचात. खिडकीतून उठून दारात, दारातून पुन्हा खिडकीत. मग कल्याण स्टेशनजवळच्या एका ट्रॅव्हल्सवाल्याने निरोप पाठवला, नाशिकच्या गाडीवर ड्रायव्हर पाहिजे. तुम्ही इस्त्रीची खाकी घालून गेलात. आई म्हणाली, आता हे माणसांत येतील. जेवायच्या आधीच परत आलात. "नको म्हटलं," एवढंच बोललात. आईने विचारलं, "त्यांनी की तुम्ही?" तुम्ही म्हणालात, "मी." आणि भरदुपारी आडवे झालात, पाय उंबऱ्यावरून आत. आई भांडी घासायला मोरीत जाताना म्हणाली, "पाय घ्या." तुम्ही घेतलेत.

मला इतकी वर्षं वाटत आलं की त्या माणसाने तुमचा काही अपमान केला असेल. पगार कमी सांगितला असेल, एकेरी बोलला असेल. मनात मी त्या माणसाशी भांडलेही आहे, त्याचं तोंड न बघता. पण दीड वर्ष नाक्यावर डावीकडे वळल्यावर मला वेगळंच वाटायला लागलंय. आबा, तुम्हाला भीती वाटली होती का? इतकी वर्षं रोज दोनदा त्या नाक्यावरून गेलेला माणूस, चाळीस लोकांना पावसात, धुक्यात एकदाही गाडी न धडकवता नेणारा माणूस, आणि घाट फक्त ऐकलेला. मी हे तुम्हाला कमी लेखायला विचारत नाही. तसं असेल तर मला बरंच वाटेल. तुम्ही आणि मी एकाच जागी थांबलो असं होईल. आणि तुम्ही त्या दिवशी मला सीटवरून उठवलंत, ते मी खेळत होते म्हणून, की उजवीकडे फिरवत होते म्हणून, हेही मला विचारायचं होतं. दोन्हींपैकी काहीच नसेल. झोप मोडली म्हणूनही माणूस ओरडतो.

एक गोष्ट मात्र नक्की आहे. तुम्ही चालत्या गाडीत कधी झोपला नाहीत. आपण लग्नाकार्याला एसटीने जायचो तेव्हा आई खांद्यावर मान टाकून झोपायची, भाऊ तिच्या मांडीवर, मी शेजारी, आणि तुम्ही जागे. उजवा पाय कुठे ब्रेक नसताना दाबत बसलेला. दवाखान्यातली कॉटही तुम्हाला आखूड पडली. नर्सने पायांशी स्टूल लावलं आणि वर उशी ठेवली. ते स्टूल मी किती वेळा सरळ केलं असेल.

आज पाचच्या सुमाराला मी शेठला फोन केला. म्हटलं, "कापू नका." तो म्हणाला, "बरा. मना वाटलाच व्हता. मी कटर काडलाच नाय." मग म्हणाला, "घाटान दुसरे गेरवर जा, घाई करू नको. कोनी हॉर्न मारला त मारूदे." मला घाटाचं काय वाटतं ते मी त्याला कधी बोलले नव्हते.

मग भावाला फोन केला. तो कामावर निघायच्या तयारीत होता.

"कापायचं नाही," मी म्हटलं.

"मग मी चालवणार कसा?"

"तू चालवायचं नाहीस. रात्रभर जागून येणार आणि घाटात स्टिअरिंग धरणार? तू मागे झोप. मी चालवते."

तो म्हणाला, "ताई, घाट आहे तो. तू आजवर शहापूरच्या पुढे गेलीस का?"

"शहापूरलाही गेले नाहीये."

"म्हणजे? मग दर रविवारी कुठे जायचीस?"

"नाक्यावरून डावीकडे. शेठकडे."

"दीड वर्ष?"

"हो."

तो हसला. तुमच्यासारखा हसतो, नाकातून. "तरीच म्हटलं, एवढ्या जुन्या गाडीचा पत्रा एवढा चकचकीत कसा." मग म्हणाला, "बरं. सातला येतो थेट तुझ्याकडे. उशी घे माझ्यासाठी, जाड. आणि घाट आला की उठव."

"नाही उठवणार," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

आबा, एक सांगून संपवते. मी त्याला मागे झोपवतेय ते फक्त त्याच्या रात्रपाळीमुळे नाही. नाक्यावर माझे हात अजून डावीकडे जातात आणि ते कोणी बघू नये असं मला वाटतं. तुमच्या त्या आरशात पलंग पुरा दिसतो, उशीपासून दारापर्यंत. सिग्नलला मी एकदा वर बघेन. लांब, आडवा, पाय आत असलेला माणूस झोपलेला दिसेल, तोंड काही त्या आरशात नीट ओळखू येत नाही. मग वळेन.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, गाडीतही नेणार नाही. फ्रिजवर डब्याखाली ठेवून मघाशी खाली गेले होते, उरलेलं काम करून आले. पलंगावर चादर घालायची होती. घरातल्या सगळ्या चादरी माझ्या आणि आईच्या मापाच्या, एकही पुरेना. मी पायाकडून सुरुवात केली, टोक गादीखाली नीट खोचलं, हात फिरवून सुरकुत्या काढल्या. डोक्याकडे वीतभर गादी उघडी राहिली. तिथे उशी येईल.